दार लागलं का?

वीकेंडला कुणी ट्रेकला जातं, कुणी गिटार शिकतं. मी तीन महिन्यांतले आठ वीकेंड एक दार लावण्यात घालवले. दिंद्रुडच्या शेतात उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या ट्रकचं दार!

सोमवारी सकाळी ऑफिसच्या कॉफी मशीनपाशी ठरलेला प्रश्न येतो, ‘सो, वीकेंडला काय केलंस?’ कुणी राजगड केलेला असतो, कुणी नवीन कॅफे शोधलेला असतो. मी सांगायचो, ‘दार लावत होतो.’ पहिल्या सोमवारी सगळे हसले. तिसऱ्या सोमवारी टीममधली एक मुलगी काळजीनं म्हणाली, ‘अरे, एखाद्या सुताराला बोलाव ना!’ तिला वाटलं, फ्लॅटचं दार.

माझं दार पुण्यापासून सात तासांवर होतं. नगर, बीड, वडवणी, तेलगाव आणि मग परळीच्या रस्त्यावर आमचं दिंद्रुड. माजलगाव तालुका, बीड जिल्हा. शेताच्या बांधावर एक लिंबाचं झाड आहे. त्या झाडाखाली १३ वर्षं एक टाटा १२१० उभी होती. आबांची गाडी. आबा म्हणजे माझे वडील. वय ७४, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशन्स झालेली, आणि स्वभाव अजून थर्ड गिअरमधला.

मार्चमध्ये भावाचा फोन आला, ‘भंगारवाला येऊन गेला. वजनावर भाव देतोय. आबा हो म्हणालेत.’

मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. जागा मोकळी, सापांची भीती कमी. पण मला झोप लागेना. दुसऱ्या दिवशी फोन करून म्हणालो, ‘आबा, तीन महिने थांबा. मी केबिन करतो नीट.’

पलीकडून शांतता. मग आवाज आला, ‘कामून? कुणाला बसवायचंय त्यात?’

प्रश्न बरोबर होता. आणि उत्तर आम्हा दोघांनाही माहीत होतं.

घाटातली गोष्ट

आमच्या भागात दिवाळीच्या आसपास गावं अर्धी रिकामी होतात. ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात, मुकादम उचल देतो, आणि पोराबाळांसकट, शेळ्या-कोंबड्यांसकट संसार गाडीत चढतो. आता ट्रॅक्टर-ट्रॉल्या वाढल्या. माझ्या लहानपणी ट्रक असायचे. आबांची गाडीही असायची.

१९९१ साली मी सहा वर्षांचा होतो. एका रात्री आई, मी आणि आबा धारूरचा घाट उतरत होतो. आई मध्ये, मी क्लीनरच्या बाजूला, दाराला डोकं टेकून झोपलेलो. एका वळणावर दार उघडलं. मला फक्त गार वारा आठवतो, आणि आईच्या हातात आलेली माझी शर्टाची कॉलर. ती कॉलर फाटली नाही म्हणून हा लेख लिहायला मी आहे.

त्या रात्रीनंतर आई त्या गाडीत बसली नाही. कधीच नाही. एसटीनं गेली, चालत गेली. आबांना एवढंच म्हणाली होती, ‘दार लागलं का ते बघितलं नाय तुम्ही.’ आबा म्हणत, ‘बघितलं होतं.’ घरात याच्यावर कधी भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं, असं मला मोठेपणी वाटायचं.

त्या दाराला पुढे आबांनी एक जाड दोरी बांधली, सीटच्या लोखंडाला अडकवून. २०१२ साली गाडी बंद पडली तेव्हाही ती दोरी तिथंच होती.

जरा ‘तिची’ ओळख

ज्यांनी ‘१२१०’ हा आकडा फक्त पासवर्डमध्ये पाहिलाय त्यांच्यासाठी थोडं जनरल नॉलेज. १९४५ साली सुरू झालेल्या टेल्कोनं १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइम्लर-बेन्झबरोबर १५ वर्षांचा करार केला. म्हणून सुरुवातीच्या आपल्या ट्रकच्या नाकावर चक्क मर्सिडीजचा तारा असायचा! १९६९ मध्ये करार संपला, तारा उतरला आणि ‘टी’ अक्षर आलं. टेल्कोचं नाव टाटा मोटर्स झालं ते २००३ मध्ये. आमची गाडी १९७४ची, म्हणजे ‘टी’वाली. आबांनी ती सेकंडहँड घेतली.

आता मुद्द्याची गोष्ट. त्या काळी बहुतेक ट्रक कंपनीतून पूर्ण होऊन येत नसत. चेसिस, इंजिन आणि समोरचा चेहरा कंपनीचा. तेवढ्यावरच एखादा ड्रायव्हर स्टूलवजा सीटवर, तोंडाला फडकं बांधून, गाडी चालवत बॉडी बिल्डरकडे न्यायचा. मग तिथले सुतार लाकडाचा सांगाडा उभा करायचे, त्यावर पत्रा ठोकायचे. झाली केबिन! त्यामुळे दोन ट्रकची दारं कधी सारखी नसत. पार्ट नंबर, कॅटलॉग, काही नाही. दार बिघडलं तर नवीन मागवता येत नाही, आहे तेच समजून घ्यावं लागतं. आज १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा आहे. आमच्या केबिनचा एसी म्हणजे न लागणारं दार!

पहिला वीकेंड, पहिला गाढवपणा

पहिल्या शनिवारी मी फुल्ल जोशात. पुण्याहून नवीन ग्राइंडर, हातमोजे, सेफ्टी गॉगल. फोनवर डझनभर व्हिडिओ पाहिलेले. डाव्या बाजूचं दार, म्हणजे क्लीनरचं, ढकललं तर वरचा मागचा कोपरा चौकटीला घासायचा आणि अडायचा. मी लॉजिक लावलं. घासतंय ना? मग घासणारा भाग काढू! वरच्या कोपऱ्यातला पत्रा कापला, आतलं लाकूड ८ मिलिमीटर तासलं. दार आत गेलं. मी विजयी मुद्रेनं आबांकडे पाहिलं.

आबांनी दाराला बोट लावलं. दार परत बाहेर आलं. ते काही न बोलता गाईला वैरण टाकायला गेले.

दुसऱ्या वीकेंडला माजलगावचे एक म्हातारे डेंटर आले. आयुष्यभर ट्रकच्या केबिनी ठोकलेला माणूस. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही तेच म्हणू लागलो. चाचांनी माझा कापलेला कोपरा पाहिला, चष्मा वर केला आणि म्हणाले, ‘टोपी लहान झाली म्हून तुम्ही डोकं तासलं की हो!’

तीन महिन्यांत मला इतका अचूक कोड रिव्ह्यू कुणी दिला नव्हता.

दार नाही, चौकट बघा

चाचांनी पहिला तासभर दाराला हातच लावला नाही. त्यांनी विचारलं, ‘गाडी सीधी उभी हाय का?’

नव्हती. आमची जमीन काळी. पावसात फुगते, उन्हात भेगाळते. १३ वर्षांत डावं मागचं चाक चांगलं वीतभर रुतलं होतं. चेसिसला पीळ पडला की केबिनच्या चौकटीलाही पडतो. मग कितीही दार ठोका, ते त्या वाकड्या जमिनीपुरतंच बसणार. आम्ही जॅक लावले, चाकांखाली दगडी फरश्या सरकवल्या, टायरमध्ये हवा भरली. लेव्हल कशी बघायची? गवंडी वापरतो तो पारदर्शक पाइप, त्यात पाणी. एक टोक चेसिसच्या उजव्या बाजूला, एक डाव्या. पाणी खोटं बोलत नाही. चारही ठिकाणी पातळी जुळेपर्यंत संध्याकाळ झाली.

मग चाचांनी सुतळी काढली. दाराच्या चौकटीचे दोन कर्ण मोजायचे. पुढच्या वरच्या कोपऱ्यापासून मागच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत एक, पुढच्या खालच्यापासून मागच्या वरच्यापर्यंत दुसरा. उजव्या, ड्रायव्हरच्या बाजूला हीच दोन मापं घेतली. ते दार चांगलं लागत होतं, म्हणून तेच आमचं ‘स्टँडर्ड’. मग त्याच्याशी डावी बाजू ताडून पाहिली. पहिला कर्ण जास्त लांब, दुसरा आखूड. हिशेब करून एकूण फरक २७ मिलिमीटर!

दहावीची भूमिती आठवली. काटकोन चौकोन एका बाजूला कलला की असंच होतं. याचा अर्थ दाराचा मागचा खांब, ज्यावर लॉकची पट्टी असते, तो खाली बसला होता. दार पुढच्या खांबावर टांगलेलं, ते जागेवरच होतं. म्हणून दाराचा वरचा मागचा कोपरा घासत होता.

‘पण खांब खाली कसा जाईल?’ मी विचारलं.

चाचा गाडीखाली सरकले आणि मला बोलावलं. केबिनच्या मागच्या कोपऱ्याखाली, चेसिसवर, रबराचे जाड तुकडे असतात. धक्के सोसायला. उजवीकडचं रबर २५ मिलिमीटर उंच होतं. डावीकडचं दबून भाकरीसारखं झालेलं, जेमतेम ११. वर्षानुवर्षं टोळीची माणसं त्याच बाजूनं चढली-उतरली, आणि त्याच बाजूला रबर बसत गेलं.

‘दरवाज्याची काय बी गलती नाय,’ चाचा खालूनच म्हणाले.

काजळाची डबी

त्या संध्याकाळी चाचांनी आणखी एक गोष्ट केली. त्यांना काहीतरी काळं हवं होतं, लॉकच्या जिभेला लावायला. ग्रीस पसरतं, नीट खूण उमटत नाही. मी घरात गेलो आणि आईकडे काजळाची डबी मागितली.

‘कशाला?’

‘दाराला.’

आईनं डबी दिली. पण स्वतः बाहेर आली नाही.

जिभेला काजळ लावून दार जमेल तेवढं दाबलं आणि उघडलं. खांबावरच्या पट्टीवर खूण उमटली. पट्टीच्या खाचेच्या अगदी वरच्या कडेला, एक बारीक रेघ. मोजली तर ३ मिलिमीटर. अख्ख्या जिभेपैकी फक्त तेवढाच भाग पकडत होता. आणि काजळ पुसल्यावर त्याच जागी लोखंड झिजून चकचकीत झालेलं दिसलं. म्हणजे हे आजचं नव्हतं. ते लॉक बरीच वर्षं तेवढ्या कडेवरच अडकत होतं. दार लागल्यासारखं वाटायचं, आवाजही यायचा, पण गाडीला जरा पीळ बसला की जीभ सुटणार.

आबा मागे उभे होते. त्यांनी वाकून ती चकचकीत रेघ पाहिली. बोटानं चाचपली.

‘म्हंजी... त्या दिवशी बी?’

चाचांना घाटाची गोष्ट माहीत नव्हती. ते सरळ म्हणाले, ‘ते मी कसं सांगू? पण हे रबर एका सालात नाय बसत असं.’

१९९१ मध्ये रबर किती दबलं होतं हे आज कुणीच सांगू शकणार नाही. मी तरी सांगणार नाही. पण आबा त्या रात्री जेवताना आईला म्हणाले, ‘दार लागलं होतं. पर लागलं नव्हतं.’ आईनं त्यांच्याकडे पाहिलं आणि भाकरी वाढली.

रबर, पिना आणि ओळंबा

तिसरा वीकेंड रबराचा. तयार रबर मिळालं नाही, म्हणून जुन्या कन्व्हेयर बेल्टचे तुकडे कापले. त्या बेल्टमध्ये कापडाचे थर असतात, त्यामुळे तो लवकर दबत नाही. केबिनचा कोपरा लाकडी ठोकळ्यावर जॅक ठेवून हळूहळू उचलला. एकदम उचलला असता तर जुने जोड तडकले असते. नवा थर २५ मिलिमीटरचा घातला, बोल्ट आवळले आणि पुन्हा सुतळी लावली. २७चा फरक ५वर आला! दाराला अजून कुणी हात लावला नव्हता आणि ८० टक्के काम झालं होतं.

चौथा वीकेंड बिजागऱ्यांचा. दार अर्धं उघडून मागच्या टोकाला धरून वर उचललं तर ते खडखड हललं. ही सोप्यातली सोपी टेस्ट आहे. दार वर-खाली हललं पण खांब हलला नाही, तर पिना झिजल्या. खांबच हलला, तर लाकूड कुजलं. आमच्याकडे दोन्ही होतं! पिना काढल्या तर त्यांचा मधला भाग ऊस चघळल्यासारखा झालेला. माजलगावला लेथवर नवीन पिना आणि पितळी बुश करून घेतले. बसवताना चाचांनी ओळंबा सोडला. वरची आणि खालची पिन एका उभ्या रेषेत असायलाच हवी. नसेल तर दार फिरताना पिळवटतं आणि नवीन बुशही काही महिन्यांत खलास.

सुतारकाकांची एंट्री

दाराचा खालचा आडवा दांडा कुजला होता. कारण? पाणी. काचेच्या फटीतून पाणी दारात उतरतंच, ते बाहेर जायला खाली भोकं असतात. दर दोन-तीन वर्षांनी आबा हौसेनं गाडी रंगवायचे आणि प्रत्येक वेळी पेंटर ती भोकं रंगानं बुजवायचा. इतक्या वर्षांचा प्रेमाचा रंग, आणि आत दार सडत होतं!

गावातले सुतारकाका पाचव्या वीकेंडला आले. त्यांनी सागाचा नवीन दांडा घातला, नुसत्या खिळ्यांनी नाही तर खाचेत बसवून, बोल्टनं. मी तासलेल्या कोपऱ्यावर नवीन पट्टी चिकटवली (आणि माझ्याकडे बघून हसले). मग दारात एक लोखंडी पट्टी तिरपी मारली, वरच्या बिजागरीच्या कोपऱ्यापासून लॉकच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत. दार मागे लोंबायला लागलं की ही पट्टी ताणली जाते आणि त्याला धरून ठेवते. उलट्या दिशेनं मारली तर पातळ पट्टी फक्त वाकते, उपयोग शून्य. गावाकडच्या फाटकांना तिरपा दांडा का असतो हे मला चाळिसाव्या वर्षी कळलं.

पेन्सिल फिरली पाहिजे!

सहावा वीकेंड म्हणजे फायनल मॅच. दार टांगायचं, पण नागडं. लॉक नाही, रबर बीडिंग नाही. चाचांचा नियम असा, की लॉक आणि रबर दाराला ओढतात, ढकलतात, आणि खरी चूक लपवतात. काच मात्र बसवली, कारण तिचं वजन दाराला खाली खेचतं.

गॅप मोजायला चाचांनी कानावरची पेन्सिल काढली. साधी, शाळेतली. ती चारही बाजूंच्या फटीतून न अडकता फिरली पाहिजे आणि सैलही वाटता कामा नये. आमची पेन्सिल पुढच्या बाजूला खाली अडकली, वर सैल पडली. मागच्या बाजूला नेमकं उलट. म्हणजे दार मागे किंचित लोंबत होतं. उपाय? खालच्या बिजागरीच्या मागे पत्र्याची चकती. आमच्या दोन बिजागऱ्यांत ६० सेंटिमीटर अंतर आणि दाराची रुंदी ९०. म्हणून खाली १ मिलिमीटरची चकती घातली की मागचं टोक दीड मिलिमीटर वर येतं. त्रैराशिक! दोन चकत्या लागल्या. पेन्सिल फिरली.

पण दार बंद केलं तर वर टेकायचं आणि खाली बोटभर बाहेर राहायचं. हा पीळ. याला पाना नाही, जॅक नाही. चाचांनी वरच्या कोपऱ्यात दार आणि चौकटीमध्ये लाकडाचा ठोकळा धरला आणि खालच्या कोपऱ्याला गुडघ्यानं दाबलं. थोडं. मग सोडून पाहिलं. पुन्हा थोडं. पाच-सहा वेळा. मी म्हणालो, ‘चाचा, एकदाच जोरात दाबू ना.’ ते म्हणाले, ‘जादा वाकलं तर परत आणाया दुप्पट टाइम.’

सगळ्यात शेवटी लॉक. जुनं लॉक एकाच टप्प्याचं होतं. मी हट्टानं दोन टप्प्यांचं घेतलं. म्हणजे दार नीट नाही लागलं तरी पहिल्या टप्प्यावर अडकून राहतं, उघडत नाही. जुन्या गाडीचं ‘ओरिजिनल’पण जपणारे मित्र नाकं मुरडतील, पण या एका बाबतीत मला ओरिजिनल नको होतं.

पुन्हा काजळाची डबी मागायला घरात गेलो. या वेळी आई डबी घेऊन स्वतः बाहेर आली, लिंबाखाली उभी राहिली. जिभेला काजळ लावलं, दार लावलं, उघडलं. पट्टीवर पूर्ण जिभेचा ठसा.

‘आता?’ आईनं विचारलं.

‘आता लागलं,’ चाचा म्हणाले.

रंग, आणि एक नियम

त्यानंतर दार पुन्हा उतरवलं, गंज खरवडला, प्रायमर मारला, लांबी भरून घासली. पेंटरला बजावलं, कडांवर लांबीचा थर नको, कारण दोन्ही कडांवर थर चढला की पेन्सिलची फट गायब! खालची भोकं बुजू नयेत म्हणून त्यात काड्या खोचून ठेवल्या. रंग आबांनी ठरवला, तोच जुना नारिंगी. बीडिंग सगळ्यात शेवटी, मऊ रबराचं. कडक रबर घेतलं की दार पुन्हा बाहेर ढकललं जातं आणि मग माणूस उगाच लॉकला शिव्या देतो.

लोक विचारतात, आता ही गाडी पुण्याला आणणार का? नाही. २०२१ साली केंद्र सरकारनं ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम आणले, पण ते दुचाकींसाठी आणि प्रवासी कारसाठी आहेत. ट्रक त्यात बसत नाही. आमच्या गाडीचं फिटनेस केव्हाच संपलंय. त्यामुळे ती रस्त्यावर येणार नाही. लिंबापासून विहिरीपर्यंत, आमच्याच शेतात, तेवढाच तिचा एक्स्प्रेस वे.

तुम्हालाही करून बघायचंय?

गाडी जुनी जीप असो, आजोबांची फियाट असो, नाही तर ट्रक. क्रम हाच ठेवा :

– आधी गाडी सपाट जागेवर, चाकांवर उभी करा. टायरची हवा सारखी करा.

– केबिनखालची रबरं आणि बोल्ट तपासा. मग चौकटीचे कर्ण मोजा. दुसरी बाजू चांगली असेल तर तीच तुमचं माप.

– दार उचलून बघा. पिना झिजल्या असतील तर त्या बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका.

– तळाचा पत्रा किंवा खांबाचं बूड कापून वेल्डिंग करायचं असेल तर आधी चौकटीत आडवे-तिरपे टेकू वेल्ड करा. नाही तर उष्णतेनं चौकट ओढली जाते.

– लॉक आणि रबर काढून दार टांगा. आधी गॅप, मग पीळ, मग लॉक, मग रंग, आणि शेवटी रबर.

– घासतंय म्हणून कापू नका. (अनुभवाचे बोल!)

खर्च? फक्त या दारावर सगळं मिळून १८ हजार. त्यात माझं पेट्रोल धरलेलं नाही. बायकोनं धरलंय.

आठवा वीकेंड

इंजिन सुरू व्हायला वेळ लागला. सहा सिलिंडरचं ते धूड आधी खोकलं, मग काळा धूर सोडून धडधडायला लागलं. आबा स्टिअरिंगवर. मी फडताळ्यासारख्या त्या मागच्या बाकावर. भाऊ बाहेर, व्हिडिओ काढत.

आई आली. नवीन रंगाच्या दाराकडे तिनं बराच वेळ पाहिलं. मग बाहेर उभी राहूनच लावलं. ‘ठक्क.’ उघडलं. पुन्हा लावलं. ‘ठक्क.’ असं तीनदा. आबा समोर बघत होते, रस्ता नसलेल्या शेताकडे.

मग ती पायरीवर पाय ठेवून वर चढली, बसली, आणि दार ओढून घेतलं. खांदा दाराला टेकवून एकदा जोर लावून पाहिला. दार हललं नाही.

सीटच्या लोखंडाला ती जुनी दोरी अजून बांधलेली होती. मी ती काढायची विसरलो होतो. आईनं ती हातात घेतली, गाठ सोडवायला लागली. बरीच वर्षांची गाठ, सुटेना. आबांनी गाडी न्यूट्रलला टाकली, वाकून दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून सोडवली. आईनं दोरीची गुंडाळी करून कमरेला खोचली. दोरी काय, शेतात कामाला येतेच.

‘चला,’ ती म्हणाली. ‘हळू घ्या.’

विहिरीपर्यंत गेलो आणि परत आलो. चारशे-साडेचारशे मीटर असेल. उतरताना आबांनी तिला विचारलं, ‘दार लागलं होतं का?’

‘व्हय,’ आई म्हणाली. ‘लागलं होतं.’

सोमवारी कॉफी मशीनपाशी कुणीतरी विचारलं, ‘सो, वीकेंडला काय केलंस?’

म्हटलं, ‘आई-वडिलांबरोबर लाँग ड्राइव्हला गेलो होतो.’